चिंगीसाठी घर शोधताना

पुण्यातील एका प्राणी-निवाऱ्यात आठवड्यातून चार दिवस सेवा देणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या लिहितात :

“आमच्याकडे चिंगी नावाची अकरा वर्षांची मांजरी आहे. ज्या बाईंनी तिला पिल्लू असल्यापासून वाढवले, त्या सात महिन्यांपूर्वी वारल्या आणि त्यांच्या भाच्याने तिला निवाऱ्यात आणून दिले. तेव्हापासून ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. हात पुढे केला की फिसकारते. मार्चमध्ये एका कुटुंबाने तिला नेले आणि सहाव्या दिवशी परत आणले. ती पलंगाखालून बाहेरच येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. लोक येतात, पिल्ले पाहतात आणि चिंगीसमोरून पुढे जातात. माझे सहकारी म्हणतात की जाहिरातीत तिचे वय आणि भित्रेपणा सांगू नये, एकदा घरी गेली की रुळेल. मला हे पटत नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही. तिला घर मिळेल का, की आता तिला आमच्याकडेच राहू द्यावे?”

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला जे पटत नाही, ते न पटणेच योग्य आहे. मार्चमधल्या त्या कुटुंबाला चिंगीबद्दल नेमके काय सांगितले होते, हे तुमच्या पत्रात नाही. परंतु ‘पलंगाखालून बाहेर येत नाही’ ही ज्यांना तक्रार वाटली, त्यांना पलंगाखाली राहणे हेच पहिल्या काही आठवड्यांत अपेक्षित असते, हे कोणी सांगितले नसावे, असे दिसते. त्यांना मी दोष देणार नाही. माहिती लपवून दिलेले मांजर बहुधा परत येते, आणि परत येणाऱ्या म्हाताऱ्या मांजराची प्रत्येक खेप त्याला अधिक आत ढकलते. चिंगीला घर मिळेल, असे मला मनापासून वाटते. मात्र त्यासाठी तिला सर्वांना आवडेल असे रूप देण्याचा प्रयत्न सोडावा लागेल. ती जशी आहे तशी ज्यांना चालेल असे एकच घर आपल्याला हवे आहे, आणि असे घर खरे सांगितल्याशिवाय सापडत नाही.

आधी तिच्या भीतीविषयी लिहितो, कारण तिचा अर्थ नीट लागला की पुढचे बरेच काही सोपे होते. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ फार लहान असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. त्या काळात माणसाचा हात न लागलेले मांजर पुढे आयुष्यभर माणसापासून दूर राहू शकते. चिंगीचे तसे नाही. ती हातावर वाढलेली आहे, अकरा वर्षे एका घरात एका बाईंच्या सोबतीने राहिली आहे. माणसावर विश्वास कसा ठेवायचा हे तिला ठाऊक आहे. तिचा तो विश्वास ज्या जागेच्या आधाराने उभा होता ती जागाच नाहीशी झाली. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. मांजराला माणसाचा लळा नसतो असा अर्थ त्यातून काढला तर तो चुकीचा ठरेल. पण मांजराचे मन जागेत किती गुंतलेले असते, हे त्या बोलण्यात अचूक आले आहे. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, उंबरठा यांवर गाल घासून मांजर स्वतःचा वास ठेवत असते, आणि त्या वासाच्या कुंपणात ते निश्चिंत झोपते. चिंगीने एकाच दिवशी तिची बाई, तिचे घर आणि तो वास असे तिन्ही गमावले, आणि त्यांच्या जागी तिला कुत्र्यांचे भुंकणे, अनोळखी मांजरांचे वास आणि चारही बाजूंनी दिसणारा पिंजरा मिळाला. ती भिंतीकडे तोंड करते, कारण लपायला दुसरे काही नाही. तेव्हा आज पिंजऱ्यात जे दिसते त्यावरून तिचा स्वभाव ठरवू नका आणि येणाऱ्या लोकांनाही ठरवू देऊ नका.

म्हणून उद्याच करण्याजोगे पहिले काम म्हणजे तिला एक पुठ्ठ्याचे खोके द्या. ऐकायला हे फार किरकोळ वाटेल. २०१४ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले आणि काहींना दिले नाही. ज्यांना खोके मिळाले त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उघडपणे कमी झाला आणि ती नव्या जागेला लवकर सरावली. खोक्याला दोन बाजूंनी वाट ठेवा, म्हणजे आत कोंडल्यासारखे वाटणार नाही. आत जुने सुती कापड घाला आणि ते रोज धुऊ नका. तिचा स्वतःचा वास त्याला लागू द्या. पिंजऱ्याच्या पुढच्या भागावर अर्धा पडदा सोडा. शक्य असेल तर पिंजरा जमिनीवरून उचलून उंचावर आणि कुत्र्यांच्या बाजूपासून दूर न्या. तिला खायला घालणारी व्यक्ती आणि खाण्याची वेळ एकच असावी. लादी पुसायला फिनेल वापरत असाल तर मांजरांच्या खोलीत ते पूर्णपणे बंद करा, कारण त्यातील फिनॉलजातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पायाला लागलेले ते पाणी मांजर चाटून पोटात घेते.

दुसरे काम पशुवैद्यांकडे आहे आणि ते टाळून पुढे जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. म्हातारे मांजर दुखणे बोलून दाखवत नाही, ते गप्प होते. आणि आपण त्या गप्प होण्याला कधी भित्रेपणा तर कधी तुसडेपणा म्हणतो. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली होती, त्यांतील ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. चिंगी त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. पोटाखाली हात घालून तिला उचलताना कंबर दुखत असेल, तर तिने फिसकारण्यात तिचे काय चुकले? तिचे दात आणि हिरड्या तपासून घ्या, वजन नोंदवा, रक्ताची आणि लघवीची तपासणी करून मूत्रपिंडे, साखर आणि थायरॉइड यांची स्थिती पाहा, आणि सोय असेल तेथे रक्तदाबही मोजून घ्या. या वयात मूत्रपिंडांचा जुना विकार फार मांजरांत आढळतो आणि वेळीच कळला तर आहार व औषधे यांच्या आधारे पुढची काही वर्षे चांगली जाऊ शकतात. दवाखान्यात नेण्यापूर्वी भीती कमी करण्यासाठी पशुवैद्य गॅबापेंटिनसारखे औषध लिहून देतात. चिंगीसाठी ते मिळेल का, हे आधी फोन करून विचारा. माणसांची वेदनाशामके मात्र कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. तपासणीचे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा, कारण पुढे दत्तक घेणाऱ्याच्या हाती द्यायची सर्वांत मोलाची वस्तू तीच असेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चिंगीला पिंजऱ्यातून थेट कायमच्या घरी पाठवण्याऐवजी मध्ये सहा ते आठ आठवडे एखाद्या शांत खोलीत ठेवा. तुमच्या सेवेकऱ्यांपैकी कोणाकडे वापरात नसलेली खोली असेल, किंवा निवाऱ्याचेच कचेरीचे दालन असेल, तर तेही चालेल. जो सांभाळेल त्याने रोज दोन-तीन ओळी लिहून ठेवाव्यात : किती खाल्ले, रात्री कोठे झोपली, कोणत्या आवाजाने दचकली, पहिल्यांदा कधी शेपटी उभी धरून चालली. या वहीतून आपल्याला खरी चिंगी कळेल. पिंजऱ्यात सात महिन्यांत जे दिसले नाही ते बंद दाराच्या खोलीत बहुधा महिनाभरात दिसू लागते. माझ्या घरी आलेला तेरा वर्षांचा एक बोका नऊ आठवडे कपाटामागे राहिला. रात्री सर्व निजले की बाहेर येऊन खाई, आणि सकाळी रिकाम्या ताटलीखेरीज त्याचा काहीच मागमूस नसे. दहाव्या आठवड्यात एका रात्री मी वाचत बसलो असताना तो आला, माझ्या पावलापासून हातभर अंतरावर बसला आणि अंग चाटू लागला. मी पानही उलटले नाही. त्या रात्रीनंतर तो साडेतीन वर्षे जगला, आणि शेवटची दोन वर्षे त्याची झोपायची जागा माझी उशी हीच होती. प्रत्येक मांजर उशीपर्यंत येईलच असे नाही, हेही सांगायला हवे. काही मांजरे आयुष्यभर हातभर अंतर राखून प्रेम करतात, आणि चिंगीला नेणाऱ्याला तेवढ्यावर समाधान मानता आले पाहिजे.

आता जाहिरातीकडे वळू. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण ‘गोड, खेळकर, लाघवी’ असे लिहिले की गोड, खेळकर आणि लाघवी मांजर हवे असणारेच लोक येतील. मी असे काही लिहिले असते : “चिंगी अकरा वर्षांची आहे. तिला सांभाळणाऱ्या बाई वारल्यापासून ती आमच्याकडे आहे. नवे माणूस दिसले की ती लपते, आणि घरी नेल्यावर पहिले काही आठवडे तुम्हाला ती कदाचित दिसणारही नाही. तिला उचलून घेतलेले आवडत नाही. तिला एक शांत खोली, ठरलेल्या वेळी जेवण आणि वाट पाहणारे माणूस हवे आहे. मूल्यमापनासाठी तिच्या सर्व वैद्यकीय तपासण्यांचे कागद उपलब्ध आहेत. एका शांत खोलीत ठेवल्यानंतर तिने काय केले, ते पुढे वाचा.” आणि त्याखाली वहीतील चार-पाच नोंदी तारखांसह जशाच्या तशा द्या. छायाचित्र पिंजऱ्याच्या गजांतून किंवा वरून काढलेले नको. जमिनीवर आडवे होऊन तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढलेले असावे. या जाहिरातीला पन्नास फोन येणार नाहीत, दोन-तीन येतील, आणि आपल्याला हवे असलेले घर त्या दोन-तिनांत असण्याचा संभव त्या पन्नासांपेक्षा अधिक आहे.

घर कोणते, हा प्रश्न विचारताना आपण बहुतेक वेळा माणसांच्या स्वभावाकडे पाहतो. मी आधी त्या घरातल्या दिवसाकडे पाहतो. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत त्या घरात काय काय घडते, हे फोनवर सविस्तर विचारा. शिकवणीची मुले येतात का, दूरदर्शन संच दिवसभर मोठ्याने चालतो का, पाहुण्यांची वर्दळ किती, गावी किती वेळा जाणे होते आणि तेव्हा मांजराकडे कोण पाहते. पाच वर्षांखालील मूल किंवा कुत्रा असलेले घर कितीही प्रेमळ असले तरी चिंगीसाठी नको. दुसरे मांजर असल्यास ते वयस्क आणि शांत असले तरच विचार करावा, आणि अकरा वर्षे एकटी राहिलेल्या चिंगीसाठी मला तर एकटेच घर अधिक बरे वाटते. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची लेखी संमती मागा. अकरा महिन्यांचा करार संपला आणि नव्या जागेत मांजर चालत नाही, या एका कारणाने कितीतरी मांजरे पुन्हा निवाऱ्यात येतात.

निवृत्त जोडपी अशा मांजरासाठी उत्तम, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. त्यांच्या दिवसाला लय असते, घर शांत असते, आणि त्यांना घाई नसते. पण चिंगीने एकदा आपले माणूस मृत्यूमुळे गमावले आहे. म्हणून वय पाहून नकार देऊ नका, मात्र त्यांच्या आजारपणात किंवा पश्चात तिला कोण नेईल त्या व्यक्तीचे नाव अर्जावर लिहून घ्या आणि त्या व्यक्तीशी स्वतः बोला. घरातून काम करणारी एकटी तरुण व्यक्तीही तितकीच योग्य ठरू शकते, आणि तिच्या बाबतीत विचारायचे ते असे की पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्न, बदली किंवा परदेशी जाणे झाले तर चिंगीचे काय होईल.

पुण्यात आणखी एक प्रश्न संकोच न करता विचारावा लागतो, तो आहाराचा. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. दूध-पोळीवर मांजर वाढवण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे, पण अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही आणि पोळीवर त्यांचे शरीर चालत नाही. अनेक शाकाहारी कुटुंबे मांजराचे तयार खाद्य घरात आणायला आनंदाने राजी होतात, काहींना ते जमत नाही. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, फक्त ती चिंगी तेथे जाण्यापूर्वी मिळाली पाहिजेत.

घर पाहायला स्वतः जा. खिडक्यांना आणि गॅलरीला घट्ट ताणलेली जाळी हवी, आणि मुख्य दाराला आतून दुसरे दार असेल तर फार चांगले, कारण घाबरलेले मांजर पहिल्याच संधीला जिन्याकडे धावते आणि अनोळखी सोसायटीत एकदा हरवले की हाकेला ओ देत नाही. वेळेचाही विचार करा. आता पावसाळा आहे. सायंकाळी ढोलताशांचे सराव सुरू होतात, पुढे गणेशोत्सव आणि त्यानंतर दिवाळीचे फटाके. चिंगी आताच्या आता जाणार नसेल, तर तिला दिवाळी संपेपर्यंत त्या शांत खोलीतच राहू द्या आणि मग पाठवा. पाच महिन्यांनी मिळालेले पण टिकलेले घर मला अधिक मोलाचे वाटते.

ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी तिचे खोके आणि न धुतलेले कापड तिच्यासोबत जावे. नव्या घरी तिला सबंध घर दाखवू नये, एकच खोली द्यावी. त्या खोलीत एका कोपऱ्यात खाणे-पाणी आणि शक्य तितक्या दूरच्या कोपऱ्यात मातीचा ट्रे असावा, आणि सांध्यांच्या दृष्टीने त्या ट्रेची एक कड बुटकी असावी. पहिले काही दिवस पलंगाखाली हात घालायचा नाही, डोकवायचे नाही, ओढून तर कधीच काढायचे नाही. दिवसातून दोनदा तासभर तेथे जमिनीवर बसून हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचावे. नजर मिळाली तर डोळे रोखून पाहू नयेत. सावकाश मिटावेत आणि सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की माणसाने असे केले असता मांजरे तसेच प्रत्युत्तर देतात आणि अनोळखी माणसाकडेही अधिक मोकळेपणाने येतात. लपून राहणे ही काळजीची बाब नाही. न खाणे ही आहे. चिंगीने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर तुम्हाला फोन यावा, आणि दुसरा दिवसही तसाच जाऊ लागला तर पशुवैद्यांकडे न्यावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. पहिल्या आठवड्यात तुम्ही रोज, पुढे महिनाभर आठवड्याने विचारपूस करा. आणि करारात एक वाक्य ठळक लिहा की काहीही झाले, कधीही झाले, तरी चिंगी परत तुमच्याकडेच येईल, दुसऱ्या कोणाकडे दिली जाणार नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. वर्ष झाले आणि तरी कोणी आले नाही, तर निवाऱ्याने औषधांचा आणि दवाखान्याचा खर्च उचलायचा आणि एखाद्या सेवेकऱ्याने तिला आपल्या घरी कायमचे सांभाळायचे, अशी व्यवस्था सन्मानाची आहे. त्या घरी अर्थात हीच कसोटी लावायची. पिंजऱ्यात मात्र तिला ठेवू नका. तिच्याकडे जी चार-सहा वर्षे असतील ती तेथे जाऊ नयेत.

हे सारे करण्याआधी या आठवड्यात त्या भाच्याला एक फोन करा. त्याला दोष देण्यासाठी नव्हे. मावशीच्या मागे घर आवरताना त्याला जे सुचले ते त्याने केले, आणि त्याने तिला रस्त्यावर सोडले नाही. त्याला विचारा की मावशींची एखादी गोधडी, जुने लुगडे, शाल, काही ट्रंकेत उरले आहे का. असेल तर धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जसेच्या तसे आणा आणि खोक्यात अंथरा. चिंगी घरात कोठे झोपायची, मावशी तिला किती वाजता खायला घालत, सकाळी रेडिओ लावत का, हेही विचारा. आणि त्याला आठवत असेल तर हे नक्की विचारा की ताटली खाली ठेवताना त्या तिला काय म्हणून हाक मारत. ‘चिंगी’ हे कागदावरचे नाव असेल. ताटलीशेजारी उच्चारलेले नाव कदाचित वेगळेच असेल, आणि सात महिन्यांत ते तिने एकदाही ऐकलेले नसेल.